प्रायमरीत मत कुणाला: निष्ठावंताला, मनातल्याला, की जिंकणाऱ्याला?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहून बरीच वर्षं झाली, नागरिकत्व मात्र अलीकडेच घेतलं. मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्षाचा रकाना होता, तिथे डेमोक्रॅटिकवर खूण केली. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायची निवडणूक. अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी २०२८ साली होणारी प्रायमरी ही माझी पहिलीच. पण घरात आतापासूनच वाद सुरू झालेत, म्हणून हा धागा.

बायकोचं म्हणणं, नोव्हेंबरात जो जिंकू शकेल त्यालाच प्रायमरीत मत द्यायचं, बाकी सगळे लाड आहेत. माझं म्हणणं, प्रायमरीतही आपल्या मनातला माणूस निवडायचा नाही, तर मग निवडायचा कधी? तिसरी बाजू शेजाऱ्यांची. ते काउंटीत पक्षाचं काम वर्षानुवर्षं करतात. ते म्हणाले, "जो पक्षासाठी राबला त्याला द्या. ऐनवेळी येऊन पक्षाचं नाव लावणाऱ्याला देऊ नका." त्यांचे दाखले २०१६ चे सँडर्स आणि २०२० चे ब्लूमबर्ग. सँडर्स सिनेटवर अपक्ष म्हणून निवडून येतात आणि ब्लूमबर्ग न्यूयॉर्कचे महापौर झाले ते रिपब्लिकन म्हणून, हे तर खरंच आहे.

तुम्ही स्वतः कसं ठरवलंत? पक्षापक्षांची भांडणं इथे नकोत, पण आपण कोणत्या पक्षाचे हे सांगून लिहिलंत तर मला समजायला सोपं जाईल.

पेठेतला (पुणे)

अमेरिकेत मला मत नाही, तरी लिहितो. हा प्रश्न तुमच्याकडे मतदाराला पडतो याचाच मला हेवा वाटतो. आमच्याकडे तो मुंबई-दिल्लीच्या बंद खोलीत सुटतो. तिकिटं वाटताना सगळ्याच पक्षांचे नेते 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात, आणि यादी जाहीर झाली की निष्ठावंत विचारतात, "आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?" वर्षानुवर्षं बूथ सांभाळलेला कार्यकर्ता दारात उभा असतो आणि आदल्या आठवड्यात पक्षात आलेला एबी फॉर्म घेऊन अर्ज भरायला निघालेला असतो.

राष्ट्रपतिपदाचंच बोलायचं तर १९६९ आठवतं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. बंगळूरला पक्षाच्या संसदीय मंडळात यशवंतराव चव्हाणांनीही त्यांच्याच बाजूनं मत दिलं होतं. पुढे इंदिराबाईंनी सद्सद्विवेकबुद्धीनं मतदान करा म्हटलं, व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले आणि वर्ष संपायच्या आत काँग्रेस फुटली. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असून प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभी राहिली. दोन्ही वेळा मतं खासदार-आमदारांची. माझ्या वडिलांना किंवा मला कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारतात, तर नीट विचार करूनच द्या.

आयोवाची मावशी

एडिसनकर, मी डेमोक्रॅट. ह्यांच्या नोकरीमुळे सीडर रॅपिड्सला आलो आणि इथलेच झालो. नागरिक झाल्यापासून एकही कॉकस चुकवलेला नाही. आमच्या प्रिसिंक्टची (मतदान विभागाची) डोकी मोजायचं कामही पुष्कळदा माझ्याकडेच असायचं.

कॉकस म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझं म्हणणं त्यावरच उभं आहे. आमच्याकडे प्रायमरीऐवजी कॉकस, आणि त्यात डेमोक्रॅटांचं गुप्त मतदान नसायचं. ऐन थंडीत संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये जमायचं. एकेका उमेदवाराचा एकेक कोपरा. ज्याचा पाठिंबा त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. बहुतेक प्रिसिंक्टमध्ये ज्या कोपऱ्यात पंधरा टक्क्यांपेक्षा कमी माणसं, तो कोपरा मोडायचा आणि तिथल्या लोकांना दुसरा उमेदवार शोधावा लागायचा. मग शेजारी शेजाऱ्याला ओढायला यायचा. त्या अर्ध्या तासातली बोलणी ऐकत मी मोजणी केली आहे. 'निवडून येण्याची क्षमता' म्हणताना लोक उमेदवाराला जोखतच नाहीत. ते तिथे हजर नसलेल्या कुणा तिसऱ्या माणसाला जोखतात.

२००४ घ्या. इराक युद्धावरून आमच्या पक्षाचे लोक संतापलेले होते, आणि व्हर्मॉन्टचे माजी राज्यपाल हॉवर्ड डीन त्या युद्धाच्या उघड विरोधात बोलत होते. नाताळापर्यंत सगळीकडे डीन, डीन. १९ जानेवारीला डीनचं बटण लावून आलेली माणसं माझ्या डोळ्यांदेखत सिनेटर जॉन केरींच्या कोपऱ्यात गेली. कारण विचारलं तर एकच: केरी व्हिएतनाममध्ये लढलेत, त्यांना पदकं मिळालीत, बुश त्यांना लेचापेचा म्हणू शकणार नाहीत. राज्यभर तसंच झालं. केरी ३८ टक्के, एडवर्ड्स ३२, डीन १८. पुढे ऑगस्टात 'स्विफ्ट बोट'च्या जाहिराती आल्या त्या नेमक्या त्याच पदकांवर. ज्या गुणासाठी त्यांना निवडलं, हल्ला त्याच गुणावर झाला. नोव्हेंबरात इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यवार मोजली जाणारी आणि अध्यक्ष ठरवणारी मतं, बुश २८६, केरी २५१. डीन जिंकले असते असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. केरी चांगले सिनेटर होते आणि ओहायो थोडक्यात हुकलं. पण त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्यांपैकी केरी मनापासून कितीजणांना हवे होते? मोजणारी मीच होते. फार थोड्यांना.

आता २००८. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात दारोदार फिरताना ऐकायला मिळायचं, "मला ओबामा फार आवडतात, पण हा देश काळ्या माणसाला निवडणार नाही." बोलणारे गोरे डेमोक्रॅट. तिकडे साउथ कॅरोलायनात कितीतरी काळ्या मतदारांनाही हीच शंका होती, आणि जॉन लुईस यांच्यासारखा नागरी हक्कांच्या लढ्यात मार खाल्लेला नेता तेव्हा हिलरींच्या बाजूला होता. मग ३ जानेवारी उजाडली. नव्वद टक्क्यांहून जास्त गोऱ्या आयोवानं ओबामांना ३८ टक्के दिले, एडवर्ड्सना ३०, हिलरींना २९. जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, राज्यभर २००४ च्या जवळजवळ दुप्पट माणसं आली होती. न्यू हॅम्पशर हिलरींनी जिंकलं, पण २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ओबामा ५५ आणि हिलरी २७. फेब्रुवारीत लुईस यांनी बाजू बदलली. त्या काही आठवड्यांत ओबामांचं भाषण बदललं नाही, धोरण बदललं नाही, रंग तर नाहीच नाही. लोकांना एकमेकांबद्दल जे वाटत होतं ते बदललं. आधी मतं पडली आणि मग ती क्षमता जन्माला आली. आम्ही सगळे 'शेजारी देणार नाही' म्हणत घरी बसलो असतो तर ओबामा आजही 'निवडून न येणारे' म्हणूनच ओळखले गेले असते.

२०२० चं सांगताना मला अजून त्रास होतो. ३ फेब्रुवारी. त्या रात्रीचा निकाल कळवायच्या ॲपचा घोळ आणि कित्येक दिवस न लागलेला निकाल सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात बायकांची बोलणी आहेत. शिक्षिका, नर्स, शेती सांभाळणाऱ्या, शिकल्यासवरल्या बायका. "एलिझाबेथ वॉरनची तयारी सगळ्यांत पक्की आहे गं, पण २०१६ नंतर पुन्हा बाई नको, हरेल." मी बाईला मत देणार नाही असं एकीनंही म्हटलं नाही. प्रत्येकीच्या बोलण्यात कुणीतरी दुसरा होता: नवरा, दीर, विस्कॉन्सिनमधला मामेभाऊ. आमच्या जिममध्ये मत त्या दुसऱ्यानं दिलं, आणि तो तिथे आलासुद्धा नव्हता. वॉरन तिसऱ्या आल्या. एमी क्लोबुचार शेजारच्या मिनेसोटात गावाखेड्यांतही मतं मिळवून सिनेटवर निवडून येत होत्या, म्हणजे क्षमतेचा पुरावा समोर होता. तरी त्या पाचव्या.

कुणी म्हणेल, मग बायडन? आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरात पाचवे, आणि शेवटी जिंकले तर तेच. बरोबर. पण ते कसं घडलं ते पाहा. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनातले वजनदार काळे खासदार जिम क्लायबर्न यांनी तिथे बायडनना पाठिंबा जाहीर केला. ते म्हणाले, आम्ही जोला ओळखतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जो आम्हाला ओळखतो. २९ तारखेला जवळजवळ निम्मी मतं बायडनना. दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचार बाहेर पडले आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्यं बायडनच्या पदरात. साउथ कॅरोलायनातल्या काळ्या मतदारांनीही 'गोरे कुणाला मत देतील' हा हिशेब केला असणारच. पण तो हिशेब ते जन्मभर करत आलेत, त्यात त्यांचा जीव गुंतलेला असतो, आणि जोडीला कित्येक वर्षांची ओळख होती. त्याला मी निष्ठा म्हणते. आमच्या कोपऱ्यातला अंदाज त्यापुढे फार उथळ.

म्हणून प्रायमरीत माझी पद्धत ठरलेली आहे. नोव्हेंबरात कोण जिंकेल हे ओळखायचा प्रयत्न मी करत नाही. अध्यक्ष म्हणून काम कोण चांगलं करेल तिथे उभी राहते. आणि कन्व्हेन्शनमध्ये (पक्षाच्या अधिवेशनात) उमेदवार ठरला की तो आवडो न आवडो, ऑक्टोबरात त्याच्या नावाची पत्रकं घेऊन दारं वाजवते. आपली निष्ठा पक्षाला तेव्हा लागते. कॉकसच्या रात्री ती मागायचा पक्षाला अधिकार नाही.

सिनसिनाटीकर

मी रिपब्लिकन. या धाग्यात एकटाच असेन, हरकत नाही. मावशींचं म्हणणं मला अर्धं पटतं.

या प्रश्नाची सगळ्यांत मोठी लढाई आमच्या पक्षात झाली आणि त्यात हरलेला माणूस आमच्या सिनसिनाटीचा: रॉबर्ट टॅफ्ट. वडील देशाचे अध्यक्ष होते, हे स्वतः सिनेटर, आणि लोक त्यांना 'मिस्टर रिपब्लिकन' म्हणत. १९३२ पासून १९४८ पर्यंत आमचा पक्ष अध्यक्षपदाच्या सलग पाच निवडणुका हरला. टॅफ्ट सिनेटमध्ये न्यू डीलशी, म्हणजे डेमोक्रॅट रूझवेल्टच्या सरकारी योजनांशी, झुंजत राहिले. १९५२ त्यांचं वर्ष असायला हवं होतं. पण समोर आले जनरल आयझेनहॉवर. ते रिपब्लिकन आहेत हे देशाला कळलं तेच मुळी त्या वर्षीच्या जानेवारीत, आणि तेही हेन्री कॅबट लॉज यांनी न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीसाठी त्यांचं नाव दिलं तेव्हा. टॅफ्टविरुद्ध घोषणा काय होती? 'टॅफ्ट जिंकू शकत नाही.' बस. त्यांचं कुठलं मत चुकीचं आहे हे त्यात कुणी सांगत नव्हतं.

जुलैत शिकागोला अधिवेशन भरलं आणि टेक्सासच्या डेलिगेटांवरून, म्हणजे तिथे उमेदवार ठरवायला मत देणाऱ्या प्रतिनिधींवरून, ठिणगी पडली. टॅफ्टचे जुने कार्यकर्ते म्हणत, आमच्या बैठकांना आलेली ही माणसं कालपर्यंत डेमोक्रॅट होती, आमचा उमेदवार ही कोण ठरवणार? आयझेनहॉवरवाले म्हणत, आलेल्या मतदाराला बाहेर ठेवणं ही चोरी आहे. एडिसनकरांच्या शेजाऱ्यांचा वाद हाच. इलिनॉयचे सिनेटर डर्कसन यांनी व्यासपीठावरून आयझेनहॉवरच्या बाजूच्या ड्युईंकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, तुमच्या मागे आलो होतो, तुम्ही आम्हाला पराभवाच्या वाटेला नेलंत. ड्युई १९४४ आणि १९४८ असे दोनदा हरलेले, आणि ते तेव्हाचे 'जिंकू शकणारे' उमेदवार. सभागृहात केवढा गदारोळ झाला. पण पहिल्याच फेरीत आयझेनहॉवर ५९५, टॅफ्ट ५००. हवी होती ६०४. मिनेसोटानं आपली मतं फिरवली आणि प्रश्न मिटला.

नोव्हेंबरात आयझेनहॉवर जिंकले, इलेक्टोरल मतं ४४२ विरुद्ध ८९. अंदाज तंतोतंत खरा ठरला. इथे बहुतेकजण गोष्ट थांबवतात. मी नाही थांबवत. त्या लाटेत हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज आमच्याकडे आलं आणि १९५४ मध्ये गेलं. ते परत मिळायला १९९४ ची निवडणूक यावी लागली. १९५६ मध्ये आयझेनहॉवर पहिल्यापेक्षा जास्त मतांनी जिंकले आणि त्याच दिवशी दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे राहिली. न्यू डील मागे घेणं तर दूरच, सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं सरकारी पेन्शन) त्यांनी वाढवली. देशासाठी ते चांगलं झालं असं माझे इथले कितीतरी मित्र म्हणतात, आणि आता कदाचित मीही म्हणेन. पण टॅफ्टच्या माणसांना जे हवं होतं ते मिळालं नाही. लोकांना जनरल आवडले, पक्ष तसाच राहिला.

उलट १९६४ पाहा. आमचे कट्टर कन्झर्व्हेटिव्ह उमेदवार गोल्डवॉटर सहाच राज्यं जिंकले, ५२ इलेक्टोरल मतं. दाणादाण उडाली. पण त्याच प्रचारात ऑक्टोबरच्या अखेरीस रेगन यांचं टीव्हीवर भाषण झालं आणि दोन वर्षांनी ते कॅलिफोर्नियाचे राज्यपाल झाले. १९८० च्या मार्चमध्ये माजी अध्यक्ष फोर्ड उघड म्हणाले की इतका कन्झर्व्हेटिव्ह माणूस देशभरात जिंकू शकत नाही. रेगननी ४४ राज्यं घेतली. २०१६ ला मी आमच्या राज्यपालांना, केसिकना मत दिलं. ट्रम्प यांनी २०१५ च्या पहिल्या डिबेटमध्ये पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा देण्याचं वचन द्यायलाही नकार दिला होता, सप्टेंबरात कुठे त्या कागदावर सही केली. म्हणजे पक्षनिष्ठा नाही, आणि जाणकारांच्या मते जिंकण्याची शक्यताही नाही. तरी ते जिंकले. तेव्हा क्षमतेचा अंदाज ही फार कच्ची गोष्ट आहे, इथवर मी मावशींबरोबर आहे.

पण निष्ठेचं त्या थोडक्यात आटोपतात, तिथे माझं जुळत नाही. निष्ठावंताला पक्षानं मान दिला नाही तर हरल्यावर कार्यालय कोण उघडणार? टॅफ्ट यांनी काय केलं बघा. सप्टेंबरात न्यूयॉर्कला मॉर्निंगसाइड हाइट्सला जाऊन आयझेनहॉवरना भेटले, खर्च आणि करांबद्दल आपल्या अटी पुढे ठेवल्या, आणि मग ज्या माणसानं त्यांच्या हातचा घास काढून घेतला त्याच्याच प्रचाराला लागले. जानेवारी १९५३ मध्ये सिनेटमधले बहुमताचे नेते म्हणून नव्या अध्यक्षांची कामं पुढे नेऊ लागले. काही महिन्यांत कॅन्सर निघाला, ३१ जुलैला गेले. अशा माणसाला 'तू जिंकणार नाहीस' एवढ्या एका वाक्यावर बाजूला केलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोलाही वाचायला दिलंय. ती म्हणते, आपल्याला न आवडणारा पक्ष चार वर्षं राज्य करतो तेव्हा ज्यांचं इन्शुरन्स जातं, ज्यांच्या व्हिसाचं अडतं, त्यांना 'मी मनातल्याला मत दिलं होतं' हे सांगणार का? याला माझ्याकडे उत्तर नाही. तिचा चुलतभाऊ अजून एच-वन-बीवर आहे, त्यामुळे ती हे पोटतिडकीनं बोलते.

दुसरं, आमच्याकडे परवापरवापर्यंत 'काउंटी लाइन' होती. काउंटी पक्षानं पसंत केलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच ओळीत, बाकीचे कुठेतरी कडेला. २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे असलेल्या अँडी किम यांनी कोर्टात जाऊन डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती काढायला लावली. शेजारी म्हणतात, त्यानं पक्षाची शिस्त गेली. आणि मावशी, २०२४ च्या जुलैबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?

आयोवाची मावशी

तुमच्या बायकोच्या प्रश्नाला आधी उत्तर देते, कारण तो सगळ्यांत खरा आहे. आणि सिनसिनाटीकर, हे तुमच्यासाठीही.

१९६४ च्या पराभवातून तुमचा पक्ष उभा राहिला, मान्य. पण रेगन यायला सोळा वर्षं लागली. मधल्या काळात काय झालं? गोल्डवॉटर हरले त्या दिवशी डेमोक्रॅटांना हाउसमध्ये २९५ आणि सिनेटमध्ये ६८ जागा मिळाल्या. त्याच काँग्रेसनं १९६५ मध्ये मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणलं, मतदान हक्काचा कायदा केला, आणि ऑक्टोबरात जुनी देशवार कोट्याची इमिग्रेशन पद्धत मोडीत काढली. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता. शंभर! आपली मराठी माणसं इथे डॉक्टर, इंजिनिअर म्हणून आली ती त्या कायद्यानं उघडलेल्या दारातून. दोन्ही पक्षांच्या लोकांनी त्याला मतं दिली होती हे खरं, पण ते दार उघडायला केवढं बहुमत हाताशी होतं तेही पाहा. हरण्याची आणि जिंकण्याची किंमत ही अशी असते, आणि ती बहुतेक वेळा ज्यांना मत नाही तेच मोजतात. म्हणून तुमची बायको 'लाड' म्हणते तेव्हा मी तिला हसणार नाही.

तिला एवढंच सांगा की जिंकणं महत्त्वाचं आहे म्हणूनच अंदाजावर सोडू नको, पुरावा माग. या उमेदवारानं आपल्यासारखी नसलेली माणसं याआधी कधी जिंकली आहेत का? पुरावा तुमच्याच राज्यात आहे. अँडी किम २०२० मध्ये ज्या मतदारसंघातून हाउसवर निवडून आले, तिथे त्याच दिवशी ट्रम्पना जास्त मतं होती. हे टीव्हीवर कुणी सांगायची गरज नाही, आकडे आहेत. आणि 'बाई निवडून येणार नाही', 'ब्राउन माणूस निवडून येणार नाही' हा पुरावा नव्हे. ती आपली भीती आहे, आणि प्रत्येक वेळी ती त्याच माणसांच्या वाट्याला येते.

२०२४ बद्दल मुद्दामच लिहिलं नव्हतं, कारण माझा राग अजून उतरलेला नाही. २७ जूनच्या डिबेटमध्ये बायडनची अवस्था बघून सगळे हादरलो. मग त्यांनी माघार घ्यावी का, हा वाद पेटला. निष्ठावंत म्हणू लागले, बायडनना प्रायमऱ्यांत १ कोटी ४० लाखांच्या आसपास मतं पडलीत, ती कशी खोडणार? पण त्या प्रायमऱ्यांत समोर धड कुणी उभंच राहू दिलं नव्हतं. आमचा आयोवाचा कॉकससुद्धा त्या वर्षी पोस्टानं कार्ड पाठवण्यापुरता उरला होता. दुसरी बाजू सर्व्हे दाखवत होती. २१ जुलैला बायडन बाहेर पडले, ऑगस्टच्या सुरुवातीला डेलिगेटांनी ऑनलाइन मतदान केलं आणि कमला हॅरिस उमेदवार झाल्या. मी त्यांच्यासाठी मन लावून काम केलं, त्यांच्या आईच्या गोष्टी दारोदार सांगितल्या. सातही अटीतटीची राज्यं गेली. हरण्याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख हे की निष्ठेचे आणि क्षमतेचे दोन्ही दावे पुढाऱ्यांनीच केले, आणि जिममध्ये जाऊन उभं राहायची संधी आम्हाला मिळाली नाही. हॅरिस खुल्या प्रायमरीतून आल्या असत्या तर त्यांच्यामागे किती माणसं आहेत हे त्यांनाही कळलं असतं.

शेजाऱ्यांबद्दल सिनसिनाटीकरांचं मी ऐकलं आणि मला पटलं. हरल्यानंतर कार्यालय उघडणारी माणसं हवीत. त्यांचा मान ठेवा, त्यांच्याबरोबर एकदा दारं वाजवायला जा. पण मान वेगळा आणि मतपत्रिकेवरची ओळ वेगळी. टॅफ्टनासुद्धा शिकागोत मतं मिळवावी लागली, आणि ती कमी पडली म्हटल्यावर त्यांनी ते मानलं. म्हणून तर ते तुम्हाला मोठे वाटतात ना?

एक व्यवहाराची गोष्ट. तुमची प्रायमरी जूनमध्ये असते. २०१६ मध्ये तुम्ही लोक ७ जूनला मतदान करणार होतात, आणि ६ जूनच्या रात्रीच एपी वृत्तसंस्थेनं हिलरींची उमेदवारी पक्की झाल्याची बातमी दिली. असं पुन्हा झालं तर क्षमतेचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच सुटलेला असेल, आणि मग मनातल्याला मत द्यायला कसलीच आडकाठी नाही. उमेदवार तोवर शर्यतीत राहायला हवा असेल तर जानेवारीपासून त्याला थोडे पैसे पाठवा आणि आधी मतदान होणाऱ्या राज्यांत फोन करायला बसा. मराठीत बोलणारे मतदार तिथेही आहेत.

आणि बायकोची नोंदणी कुठल्या पक्षाची आहे ते तपासून घ्या. न्यू जर्सीत कुठलाच पक्ष नोंदवलेला नसेल तर मतदानाच्या दिवशीही सांगता येतो, पण एका पक्षाचा दुसरा करायचा असेल तर अर्ज प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पोचावा लागतो.